डुकराचं ट्रिप्सिन आता बंद करा (वाद घालायला या)

दादरचा_पिपेटवाला
गेल्या महिन्यात ट्रिप्सिनची (फ्लास्कला चिकटलेल्या पेशी सोडवायला वापरतो ते प्रथिनं कापणारं एंझाइम) नवी बाटली उघडली. आमच्या पेशी एरवी तीन मिनिटांत सुटतात. या खेपेला सहा मिनिटं झाली तरी फ्लास्कला चिकटून. सूक्ष्मदर्शकाखाली निम्म्या गोल झालेल्या, निम्म्या ऐसपैस पसरलेल्या. कडेला टिचक्या मारून बोटं दुखली. कंपनी तीच, कॅटलॉग नंबर तोच, फक्त लॉट (उत्पादनाची तुकडी) नवा.

डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेल्या मालाचं हे असंच चालायचं. ज्याचा जीन बॅक्टेरियात किंवा यीस्टमध्ये घालून टाकीत वाढवता येतो, ते एंझाइम आपण अजून कत्तलखान्याच्या भरवशावर का घेतोय? आणि रोटाव्हायरस लशीचं प्रकरण आठवा. मार्च २०१० मध्ये एका लशीत डुकरांच्या सर्कोव्हायरसचा डीएनए सापडला आणि अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) तिचा वापर थांबवायला सांगितलं. बोट गेलं ते डुकराच्या ट्रिप्सिनकडेच. माझं मत: पेशी वाढवणाऱ्या प्रत्येक लॅबने रिकॉम्बिनंटवर, म्हणजे असा जीन घालून टाकीत बनवलेल्या ट्रिप्सिनवर, यावं.

कालिना_कट्टा
नाचता येईना अंगण वाकडं! पेशी नीट धुतल्या होत्या का? पेशी वाढवायच्या माध्यमातलं सीरम (रक्तद्रव) जरासं जरी राहिलं, तरी त्यातलं अल्फा-१-अँटीट्रिप्सिन तुमच्या ट्रिप्सिनला गप्प बसवतं. शिवाय कॅल्शियम-मॅग्नेशियम राहिलं की पेशींची एकमेकींवरची पकड सुटत नाही. म्हणून तर बाटलीत ते धरून ठेवणारं ईडीटीए घातलेलं असतं.

आणि लशीची गोष्ट अर्धीच सांगितलीत. तो विषाणू माणसाला आजारी पाडत असल्याचा पुरावा नव्हता, आणि मे २०१० मध्ये एफडीएने ती लस पुन्हा सुरू करायला सांगितली.

दादरचा_पिपेटवाला
पीबीएसने (क्षारांच्या द्रावणाने) दोनदा धुतलं हो. शेजारच्या फ्लास्कमध्ये त्याच पेशी, तोच पॅसेज (तितक्याच वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवलेल्या), जुन्या बाटलीतलं उरलेलं ट्रिप्सिन: तीन मिनिटांत मोकळ्या. आता बोला.

लशीचं मान्य, पण बंदी उठली म्हणून डीएनए आपोआप नाहीसा झाला नाही. माझ्या लॅबमधल्या पेशी उद्या कुणाच्या अंगात जाणार असतील तर मला तो धोका नकोच.

मास_स्पेक_माई
मी प्रोटिओमिक्सवाली (प्रथिनं ओळखणारी), ट्रिप्सिनवरच माझं पोट आहे. ते प्रथिनाची साखळी लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पुढे कापतं, पुढे प्रोलिन असेल तर सहसा नाही. या शिस्तीमुळेच आम्हाला तुकड्यांवरून प्रथिन ओळखता येतं. स्वादुपिंडातल्या मालात कायमोट्रिप्सिन या दुसऱ्या एंझाइमची भेसळ असू शकते, ते भलतीकडेच कापतं. म्हणून त्यावर टीपीसीके या कायमोट्रिप्सिन बंद पाडणाऱ्या रसायनाची प्रक्रिया करतात. बॅक्टेरियात मुळात कायमोट्रिप्सिन नसतंच, तेवढ्यापुरता पिपेटवाल्यांचा मुद्दा बरोबर.

पण रिकॉम्बिनंट ट्रिप्सिनसुद्धा स्वतःलाच खातं! खाता खाता त्याचं असं एक रूप तयार होतं की ते कायमोट्रिप्सिनसारखं कापायला लागतं. यावर उपाय म्हणजे त्याच्या लायसिनांना मिथाइल गट चिकटवणं, आणि तो उपाय डुकराच्या ट्रिप्सिनवरही चालतो. लेबलवर ‘रिकॉम्बिनंट’ लिहिलंय म्हणून डोळे मिटून घेऊ नका.

मास्तर_ठाणे_लोकल
अहो, तुम्ही सगळे संशोधनवाले. मी बीएस्सीची प्रॅक्टिकल्स घेतो. वर्षाचं बजेट सांगितलं तर हसाल. दूध पावडरच्या गढूळ पाण्यात ट्रिप्सिन टाकायचं आणि किती वेळात निवळतं ते बघायचं, एवढ्याला रिकॉम्बिनंट? मी तर कधीकधी कच्च्या पपईचा चीकच वापरतो. मटणाला पपई लावणाऱ्या घरातल्या पोरांना पपेन (पपईच्या चिकातलं प्रथिनं कापणारं एंझाइम) वेगळं शिकवावं लागत नाही.

एक मात्र आहे. दरवर्षी एकदोन मुलं हळूच विचारतात, “सर, हे कशाचं?” खरं सांगितलं की एखादी मुलगी हातमोजे घालूनही बाटली धरत नाही. त्या पोरीला किमतीचं गणित कसं सांगणार?

कालिना_कट्टा
सर, पण रिकॉम्बिनंट म्हटलं तरी जीनचा क्रम बहुतेक वेळा डुकराचा नाहीतर गायीचाच असतो. बॅक्टेरिया वाढवायच्या माध्यमात प्राणिज पेप्टोन (प्रथिनांचे पचवलेले तुकडे) असेल तर ‘प्राणीमुक्त’ही म्हणता येणार नाही. तिला हे सांगाल?

मास्तर_ठाणे_लोकल
सांगेन. ऐकून तिचं तिने ठरवावं.

गोरेगाव_फर्मेंटर
मी औषध कंपनीत आहे. इन्सुलिन रिकॉम्बिनंट पद्धतीने करताना आधी प्रोइन्सुलिन (इन्सुलिनचं आधीचं, न कापलेलं रूप) मिळतं आणि ते कापायला ट्रिप्सिन लागतं. तिथे प्राणिज माल आणला की विषाणू-तपासणीची कागदपत्रं इतकी वाढतात की स्वस्त ट्रिप्सिन महाग पडतं. लॅबमध्ये फक्त बाटलीवरची किंमत दिसते.

फ्युझेरियम बुरशीच्या जीनवरून केलेलं ट्रिप्सिनसारखं एंझाइमही मिळतं. साध्या तापमानाला टिकतं, पेशींनाही सोसतं. मुंबईच्या हवेत ही छोटी गोष्ट नाही.

मास_स्पेक_माई
हवेवरून आठवलं. पिपेटवाले, खोकं आलं तेव्हा ड्राय आइस होता का? पातळ केलेलं ट्रिप्सिन उबेला राहिलं की स्वतःलाच संपवतं. म्हणून आम्ही पावडर सौम्य आम्लात विरघळवतो. तिथे ते झोपून राहतं, पीएच ८ च्या आसपास नेलं की जागं होतं. तुमची बाटली तयार द्रावणाची ना? त्याच लॉटची दुसरी बाटली असेल तर दोन्हींवर बीएईई (ट्रिप्सिनचा जोर मोजायला वापरतात तो पदार्थ) टाका आणि २५३ नॅनोमीटरला शोषण किती वेगाने वाढतं ते बघा. मग लॉटला शिव्या द्या.

दादरचा_पिपेटवाला
खोकं शुक्रवारी संध्याकाळी आलं होतं, उघडलं सोमवारी. वॉचमनच्या टेबलाखाली होतं. हे मी आधी लिहायला हवं होतं, माहीत आहे.

दादरचा_पिपेटवाला (चार दिवसांनी)
मोजलं. खोक्यात वरच्या थरात असलेल्या बाटलीचा वेग मधल्या बाटलीच्या निम्म्याहून कमी. मधल्या बाटलीने पेशी तीन मिनिटांत सुटल्या. लॉट तोच.

डुकराची माफी मागतो. पण मागणीपत्रात मी बुरशीवालंच लिहिलंय, कारण वॉचमनचं टेबल काही हलणार नाही.

कालिना_कट्टा
मंजूर झालं तर एक बाटली इकडे पाठवा. शुक्रवारी नको.