शब्दचर्चा : मानधन, वेतन, मजुरी, मोबदला

प्रश्न

कामाच्या जागी समानता आणि रास्त दाम या विषयावर कामकरी बायकांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत लिहिते आहे. सरकारी कागद चाळताना एका ठिकाणी अडले. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला 'वेतन' मिळतं, रोजगार हमीच्या कामावर 'मजुरी' मिळते, अंगणवाडी सेविकेला 'मानधन' मिळतं आणि आशाताईंना 'कामावर आधारित मोबदला'. पैसे चौघांनाही कामाचेच मिळतात, मग शब्द चार का? हे समानार्थी शब्द आहेत की कायद्यात प्रत्येकाचं वजन वेगळं आहे? 'समान कामाला समान...' यापुढे मी काय लिहावं?

प्रतिसाद

आधी शब्दांची कुळं पाहू.

'वेतन' संस्कृत. पाणिनीचं सूत्र आहे 'वेतनादिभ्यो जीवति'. वेतनावर जगतो तो वैतनिक. म्हणजे ज्यावर पोट चालतं ते वेतन, ही कल्पना अगदी मुळापासूनची. 'पगार' पोर्तुगिजांकडून आला, त्यांच्याकडे तो पैसे चुकते करण्याचं क्रियापद आहे. 'मजूर' फारसी. त्यातल्या 'मुज्द'चा अर्थच श्रमाचा दाम, त्यामुळे दाम न घेणारा मजूर असूच शकत नाही. 'मोबदला' अरबी. 'बदल', 'बदली', 'अदलाबदल' हे त्याचे भाऊबंद. एक द्यायचं, दुसरं घ्यायचं. म्हणून धरणात जमीन गेली तरी मोबदलाच मिळतो.

'मानधन' मात्र संस्कृतात पैशाचं नाव नाहीच. तो बहुव्रीही समास आहे : मान हेच ज्याचं धन, असा माणूस. भारवीच्या किरातार्जुनीयात पहिल्याच सर्गात वनेचर युधिष्ठिराला दुर्योधनाच्या धनुर्धरांविषयी सांगतो, 'महौजसो मानधना धनार्चिताः'. ते मानी आहेत आणि धनाने सन्मानलेलेही आहेत. तिथे एक शब्द दुसऱ्याची जागा घेत नाही. मान होता म्हणून धनाची गरज उरली नाही, असं भारवी म्हणत नाही.

आपल्याकडे अर्थ फिरला आणि मानधन म्हणजे मान म्हणून दिलेलं धन झालं. व्याख्याता, परीक्षक, संमेलनाला आलेला कवी यांना देतात ते. गवयाची 'बिदागी' याच्याच शेजारची. या वापराबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पाहुणा येतो, तासभर बोलतो, जातो. त्याचं पोट त्या पाकिटावर चालत नाही आणि पुढच्या वेळी तो 'येत नाही' म्हणू शकतो. या दोन्ही गोष्टी अंगणवाडीतल्या ताईंना लागू आहेत का, एवढंच विचारून पाहा. उत्तर नाही असेल, तर तो शब्द तिथे चुकीच्या जागी बसला आहे.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला कायद्याची बाजू जोडतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, वजन वेगळं आहे, आणि ते ठरवण्यावर न्यायालयांचे बरेच निकाल खर्ची पडले आहेत.

अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तेव्हापासून सेविका आणि मदतनीस 'मानसेवी', म्हणजे मानापोटी सेवा करणाऱ्या. पद मानसेवी म्हणून पैसे मानधन, पैसे मानधन म्हणून नातं नोकरीचं नाही, आणि नोकरी नाही म्हणून किमान वेतन, निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम) यांतलं काही नाही. एका शब्दावर रचलेली ही सगळी साखळी. केंद्राचा वाटा २०१८ पासून सेविकेला महिना ४,५०० रुपये आणि मदतनीसाला २,२५० रुपये. राज्यं त्यात आपली भर घालतात.

ही साखळी सर्वोच्च न्यायालयाने एका ठिकाणी तोडली. २५ एप्रिल २०२२ चा, गुजरातेतल्या दाहोद जिल्ह्यातून आलेल्या मणिबेन भारिया यांच्या प्रकरणातला निकाल जरूर वाचा. सरकारी बाजूचं म्हणणं होतं की हे वेतन नाही, मानधन आहे, म्हणून १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू नाही. न्यायालयाने कायद्यातली वेतनाची व्याख्या समोर ठेवली : कामावर असताना नोकरीच्या अटींनुसार कमावलेला आणि रोखीत मिळणारा पैसा. त्या व्याख्येत मानधनही बसतं, असं ठरलं आणि सेविका व मदतनीस दोघींना ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पोषण आहाराची जबाबदारी अंगणवाडीवर कायद्याने टाकली आहे, त्यामुळे हे काम आता हौसेचं म्हणता येत नाही, हाही मुद्दा तिथे आला. शब्दचर्चेच्या दृष्टीने माझ्या मते गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत महत्त्वाचा निकाल.

पण हे एका कायद्यापुरतं झालं. बाकीच्या हक्कांचा प्रश्न उभाच आहे. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवर काम करणाऱ्या या सगळ्यांना कामगार म्हणून मान्यता द्या आणि किमान वेतन द्या, अशी शिफारस केली होती. त्या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार संघटना असे तिघेही बसतात, म्हणजे ती एकट्या संघटनांची मागणी नव्हती.

प्रतिसाद

मी बरीच वर्षं शासन निर्णयांचे मसुदे केले आहेत. दुसरी बाजूही नोंदवली जावी म्हणून लिहितो. 'वेतन' हा शब्द कागदावर आला की त्याच्यामागे मंजूर पद, वेतनश्रेणी, महागाई भत्ता, वेतन आयोग हे सगळं येतं. योजना केंद्राची असेल, मुदतीची असेल, उद्या बंद होणार असेल, तर राज्याला पद निर्माण करता येत नाही. तरी माणसाला पैसे द्यायचे असतात. तिथे 'मानधन' वापरतात. शिक्षणसेवक, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, कंत्राटी डॉक्टर, सगळीकडे हेच. यात कोणाचा अवमान करायचा हेतू नसतो. तिजोरीचं भान हे एकच कारण.

प्रतिसाद

हेतूबद्दल शंका नाही. पण तिजोरीच्या कारणाला कायद्याने उत्तर दिलेलं आहे. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीविरुद्ध ऑड्री डिकॉस्टा हे १९८७ चं प्रकरण. कंपनीने लघुलेखिकांना 'गोपनीय लघुलेखिका' असं निराळं नाव देऊन निराळ्या श्रेणीत ठेवलं होतं, आणि त्यांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार होता. सर्वोच्च न्यायालयाने नाव बाजूला ठेवून काम पाहिलं. काम तेच, म्हणून वेतन तेच. कंपनीने आपली आर्थिक स्थिती पुढे केली, तीही मान्य झाली नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्याची अंमलबजावणी मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

आणि सरकारचं काय? १९८२ मध्ये दिल्ली पोलिसांतले वाहनचालक रणधीर सिंग यांच्या प्रकरणात समान कामाला समान वेतन हे तत्त्व संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि १६ शी जोडलं गेलं. २०१६ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या निकालात हंगामी कर्मचाऱ्यांनाही नियमित पदाच्या वेतनश्रेणीतला किमान पगार मिळालाच पाहिजे असं ठरलं, अर्थात काम खरंच तेच असेल तर. कमी पैशांवर काम करायला माणूस स्वखुशीने तयार होत नाही, घरच्यांच्या पोटासाठी तो स्वाभिमान गहाण ठेवतो, असा त्या निकालाचा भाव आहे. 'मानधन' शब्दातला मान तिथे कुठे उरतो, ते तुम्हीच पाहा.

अजून एक. संविधानाचे अनुच्छेद १०६ आणि १९५ पाहा. खासदार-आमदारांना काय मिळावं असं तिथे म्हटलं आहे? वेतन आणि भत्ते. ते कोणाचे नोकर नाहीत, त्यांचं काम खरोखर मानाचं आणि लोकसेवेचं आहे, तरी शब्द 'वेतन'. म्हणजे वेतन म्हटल्याने सेवेचा मान कमी होत नाही, हे संविधानकर्त्यांना माहीत होतं.

प्रतिसाद

तुम्ही सगळे कागदावरच्या शब्दांबद्दल बोलताय, मी शिवारातले देते. आमच्याकडे शेतमजुरीला 'रोज' म्हणतात आणि त्याचे दोन भाव असतात, बायांचा रोज आणि गड्याचा रोज. कामाला जाताना कोणी विचारतही नाही, आकडे सगळ्यांना पाठ. विचारलं तर उत्तर ठरलेलं : गडी औत धरतो, बाई खुरपते. पण कापूस वेचताना, कांदा काढताना दोघं एकाच सरीत असतात, तरी रोज दोन. उक्तं काम घेतलं तर मात्र हा फरक आपोआप कमी होतो, कारण तिथे काम मोजतात, माणूस नाही. महाराष्ट्राच्या रोजगार हमीने हेच केलं होतं. खोदलेल्या मातीच्या मापावर दर, खोदणारी बाई की गडी हे दरपत्रकात नाही. १९७७ चा कायदा आहे तो.

याहून वाईट शब्द ऊसतोडीतला. 'कोयता' म्हणजे हत्यार नव्हे, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि ती घेतो नवरा. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, वर खोपीवरचा स्वयंपाक आणि पोरं आहेतच. हिशेबाच्या वहीत तिचं वेगळं नाव नाही आणि वेगळा पैसाही नाही. 'खाडा' पडला तर दंड दोघांच्या हिशेबातून. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, म्हणून बीड जिल्ह्यातल्या बायकांनी गर्भाशय काढून घेतल्याच्या बातम्या आल्या. २०१९ मध्ये सरकारला त्यासाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. समान वेतन कायदा दोन माणसांच्या वेतनाची तुलना करतो. जिथे दोघांना मिळून एकच नाव आहे, तिथे तुलना करणार कशाची? तुमच्या पुस्तिकेत 'कोयता' हा शब्द आलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद

मोलकरीण या शब्दाबद्दल थोडं. 'मोलकरीण' हल्ली अपमानकारक वाटतो म्हणून टाळतात, पण शब्द स्वच्छ आहे : मोल घेऊन काम करणारी. २००८ च्या राज्याच्या कायद्याच्या नावात 'घरेलू कामगार' आहे. घरेलू हिंदीतून आला. 'घरकामगार' हा शब्द संघटनांत रुळलेला आहे आणि तोच चांगला, कारण त्यात 'कामगार' आहे.

प्रतिसाद

'वेठ' या शब्दाशिवाय ही चर्चा अपुरी राहील. संस्कृत 'विष्टि'पासून तो आला, अर्थ दाम न देता सक्तीने करून घेतलेलं काम. अनुच्छेद २३ ने बिगार आणि वेठ दोन्ही बंद केल्या. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी दिल्लीत बांधकामं चालू होती, तिथल्या मजुरांना ठरलेल्या किमान वेतनाहून कमी हातात पडत होतं. न्यायालयाने म्हटलं की किमान वेतनाहून कमी देऊन काम करून घेणं हीसुद्धा वेठच. म्हणजे थोडे पैसे दिले म्हणून वेठ संपत नाही.

महाराष्ट्राला हे नवं नाही. महार वतनाचं उदाहरण घ्या. 'वतन' हा मानाचा शब्द. वतनदार असणं म्हणजे गावात हक्क असणं. प्रत्यक्षात रात्री-अपरात्री केव्हाही बोलावलं तर सरकारी आणि गावकीचं काम करायचं, एकटा माणूस नसला तर घरातल्या कोणीही जायचं, आणि बदल्यात तुटपुंजी जमीन आणि मागून आणायचं बलुतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, तेव्हा मागणी हीच होती : कामाचा दाम ठरवा, दाम सरकारने द्या, आणि ज्याला वतन नको त्याला मोकळं होऊ द्या. ती वतनं कायद्याने संपायला १९५८ साल उजाडलं. मानाचं नाव देऊन कमी दामात काम करून घेण्याची रीत आपल्याकडे किती जुनी आहे, आणि ती ओळखणारा माणूसही आपल्याकडेच कसा झाला, हे यातून दिसतं. 'मानधन' वाचलं की मला 'वतन' आठवतं.

प्रतिसाद

कायद्याबद्दल आधी लिहिलं होतं, त्यातलं राहिलेलं पूर्ण करतो. १९७६ चा समान वेतन कायदा आता वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावला गेला आहे. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. जुना कायदा स्त्री आणि पुरुष यांच्याबद्दल बोलत होता, संहितेच्या कलम ३ मध्ये शब्द 'लिंगभाव' या अर्थाचा आहे, त्यामुळे कक्षा रुंदावते. वेतनाची व्याख्याही पगार, भत्ते किंवा अन्य कोणत्याही स्वरूपातला, पैशात मांडता येणारा मोबदला अशी मोठी आहे, मात्र पुढे काही वजावटी आहेत. पण कर्मचारी कोण? तर 'वेतनावर' नेमलेला. म्हणजे भांडण पुन्हा त्याच दारात येतं : जे मिळतं त्याला वेतन म्हणायचं की नाही.

हे टाळून कायदा लिहिता येतो, याचं उदाहरण २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. त्यात कर्मचारी म्हणजे नियमित, हंगामी, रोजंदारीवरचा, ठेकेदारामार्फत आलेला, मोबदला मिळो वा न मिळो, स्वयंसेवक म्हणून काम करणारासुद्धा. या कायद्याआधीची १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं ज्यांच्यावरच्या अत्याचारातून आली, त्या राजस्थानच्या भंवरी देवी 'साथिन' होत्या, सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात गावपातळीवर काम करणाऱ्या. बालविवाह थांबवायला गेल्या, ते त्यांचं कामच होतं. सेविका, स्वयंसेविका, साथिन, ताई : नावं सगळी आपुलकीची. २०१३ च्या कायद्याने नावाकडे न पाहता काम पाहिलं आणि संरक्षण दिलं. वेतनाच्या कायद्यातही असंच लिहिता येईल.

पुस्तिकेसाठी माझा सल्ला : शीर्षकात आणि घोषणेत 'समान कामाला समान वेतन'च लिहा. अनुच्छेद ३९ च्या संदर्भात लोकांच्या कानावर तेच आहे आणि न्यायालयात वजन त्यालाच आहे. 'दाम' घोषणेला गोड वाटतो, पण अर्जात चालत नाही. 'मोबदला' व्यापक अर्थाने वापरा, म्हणजे रजा, भत्ते, वस्तुरूपातलं सगळं धरून. 'मानधन' फक्त सरकारी कागदातला शब्द उद्धृत करताना, अवतरणात.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. मसुद्यातलं वाक्य आता असं केलं आहे : 'तुमच्या नेमणुकीच्या पत्रात मानधन लिहिलं असलं, तरी ठरलेल्या वेळी, ठरलेलं काम करून मिळणारा पैसा हे तुमच्या कामाचं वेतन आहे. ग्रॅच्युइटीसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते मान्य केलं आहे.' कोयत्यावर वेगळं पान करते आहे. शिवारातले शब्द देणाऱ्या ताईंना विनंती, 'उचल' आणि 'खाडा' यांचा हिशेब वहीत नेमका कसा मांडतात तेही लिहाल का? बाईचं नाव वेगळ्या ओळीत घ्यायला मुकादमाला सांगायचं, तर ती ओळ कुठे बसेल हे मला पानावर काढून दाखवायचं आहे.