दाबाचं गणित पुस्तकाशी जुळत नाही, लवकर मदत हवी

अर्धविराम: ५० किलोग्रॅमची पेटी जमिनीवर ठेवली आहे, जमिनीवर पडणारा दाब काढायचाय. बल भागिले क्षेत्रफळ केलं, तरी उत्तर चुकतंय. सूत्र पाठ आहे, तेच परत सांगू नका प्लीज. उद्या पेपर आहे.

फावडं: पेटीची मापं? कोणती बाजू खाली? तुमचं उत्तर किती आणि पुस्तकातलं किती? काहीच दिलं नाहीत तर चूक शोधायची कुठे?

रेघोटी: शोधायचं काय त्यात! किलोग्रॅमलाच बल समजून भागलं असणार. आधी ९.८ ने, म्हणजे गुरुत्व त्वरणाने गुणा.

अर्धविराम: गुणलंय हो, ४९० न्यूटन. मापं ५० × ४० × २५ सेमी, ५० × ४० ची बाजू खाली. माझं २४.५, पुस्तकात २४५०.

पाऱ्याचा थेंब: हवेचा दाब धरलाच नाहीत! समुद्रसपाटीला १,०१,३२५ पास्कल. तो मिळवल्याशिवाय खरा दाब निघत नाही.

रेघोटी: काहीतरीच काय? पेटीमुळे पडणारा दाब विचारलाय. हवा मिळवून २४५० कसं येईल?

पाऱ्याचा थेंब: गणित सुटलं आणि हवा विसरली, तर काय शिकलो? हवेचा दाब मोजायला टॉरिचेली या शास्त्रज्ञाने नळीत पारा घेतला, कारण त्याची घनता पाण्याच्या १३.६ पट. ७६० मिमीचा स्तंभ पुरतो. पाणी घेतलं तर स्तंभ १०.३ मीटरचा होतो.

निळी शाई: पाण्यात खोली × घनता × गुरुत्व त्वरण करायचं. १० मीटरवर ९८,००० पास्कल वाढतात, भांडं अरुंद असो की रुंद.

अर्धविराम: पाण्याचं कोणी विचारलंय? पेटीचं सांगा ना कुणीतरी!

फावडं: बरोबर शंभर पट फरक आहे, म्हणजे घोळ एककात. २००० चौसेमीला १०० ने भागून २० घेतलेत ना? १ मीटर बाजूचा चौरस घ्या. आडव्या कडेवर १०० सेमी, उभ्या कडेवरही १००. आत १ सेमीची १०,००० घरं बसतात. म्हणून २००० ÷ १०,००० = ०.२ चौमी. आता ४९० ला ०.२ ने भागा.

तोंडी हिशेब: ९.८ कशाला, १० धरा. २५००, झटक्यात.

रेघोटी: आणि पुस्तकात ९.८ असेल तर? प्रश्नात दिलेली किंमतच घ्यायची.

अर्धविराम: २४५० आलं! मग ४० × २५ ची बाजू खाली केली तर ०.१ चौमी, म्हणजे ४९०० ना?

फावडं: हो. बल तेच, क्षेत्रफळ निम्मं, दाब दुप्पट. पुढे पास्कल लिहा, नुसत्या आकड्याला पूर्ण गुण देत नाहीत.