मदत हवी आहे: प्रोसेको चाखताना गाळवाली बाटली कधी उघडावी?

इटलीतल्या वाल्दोब्बियादेनेच्या तीन प्रोसेको (फसफसणाऱ्या पांढऱ्या वाईन) एकाच बैठकीत चाखायच्या आहेत: ब्रूत, एक्स्ट्रा ड्राय आणि तळाशी यीस्टचा गाळ असलेली 'सुई लिएव्हिती'. 'ड्राय' म्हणजे कोरडी, कमी गोड; पण नावावर जाऊ नका, एक्स्ट्रा ड्राय ब्रूतपेक्षा गोडच असते. ब्रूतमध्ये लिटरला 12 ग्रॅमपर्यंत साखर, हिच्यात 12 ते 17. म्हणून ब्रूत आधी, हे नक्की.

अडतंय ते गाळवालीपाशी. ती बाकी दोघींसारखी टाकीत नाही, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते. त्यामुळे हिरव्या सफरचंदासोबत पावाच्या कडेसारखा वास येतो, आणि चव अगदी कोरडी. गोडाच्या मागून दिली तर फार आंबट लागेल. आधी दिली तर ब्रूतचा नाजूक फुलांचा वास दबेल.

शिवाय बाटली उभी ठेवून वरची नितळ तेवढी ओतावी, की हलकेच उलटी करून गाळ मिसळावा? दोन्ही करून पाहिलेल्यांनी कृपया सांगा.