उतारावरची बाग आणि साधंसं घर: भाव नेमका कशाचा करायचा?

दोनखोल्यापुरे:

घर अगदीच साधं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पडवी. रंगाचे पोपडे निघालेत, दारं ओलीने फुगतात, न्हाणीघरात उभं राहिलं की कोपर भिंतीला लागतं. मला त्याचं काही नाही. आम्ही दोघंच, आणि मोठ्या घराचा केर काढायची हौस मला कधीच नव्हती.

घराच्या मागे टेकडीचा उतार आणि त्यावर बाग. विकणारे गृहस्थ आता थकले, मुलीकडे राहायला निघालेत. बाग त्यांनी आणि त्यांच्या बायकोने मिळून उभी केलेली, तीसेक वर्षांची असावी. दगडांचे गडगे घालून पाच टप्पे केलेत. सगळ्यात वर मोठी झाडं आणि बांबूचं एक बेट, मधल्या टप्प्यांवर फुलझाडं नि वेली, खाली घराच्या भिंतीला लागून एक चर. चरात गुडघाभर पाला. तिसऱ्या टप्प्यावर दगडी कट्टा आहे, तिथून खालची अख्खी दरी दिसते. नवरा त्या कट्ट्यावर टेकला आणि मनातल्या मनात घर घेऊन मोकळा झाला. मी अजून व्यवहारात आहे.

अडचण अशी, की गृहस्थ भाव बागेचा सांगतात. घराचं विचारलं तर म्हणतात, "ते काय, आहे तसं आहे." माझ्या भावाचं म्हणणं बरोबर उलटं: झाडाझुडपांना कोण पैसे देतं, घराचं बोल, बाकी आपोआप पदरात पडतं.

बाग धरून किंमत करावी का? आणि करायची तर तिथे बघायचं काय? फुलझाडांतलं मला कळतं. उतारातलं ओ की ठो कळत नाही.

ओळंबा:

ताई, भावाचं ऐकू नका आणि त्या गृहस्थांचंही सगळं ऐकू नका. तुमची बाग घराच्या डोक्यावर बसलेली आहे. ती धड असेल तर घर धड.

आयुष्य गवंड्यांबरोबर गेलं, म्हणून सांगतो, आधी फुलांकडे पाठ करा. गडग्याच्या एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकापर्यंत बघा. मध्ये पोट आलं असेल तर मागची माती ढकलते आहे. मग दोरीला वजन बांधून ओळंबा सोडा. कोरडा, म्हणजे सिमेंट न लावता रचलेला गडगा थोडा मागे, डोंगराकडे रेललेला हवा. अगदी सरळ उभा असेल तर संशय घ्या. बाहेर झुकला असेल तर तो उतरवून नव्याने रचायचा खर्च आत्ताच भावातून वजा करा.

सिमेंटने दगडांमधल्या दरजा भरून 'पक्का' केलेला गडगा दिसला तर मला जास्त धास्ती वाटते. कोरड्या गडग्यातून पाणी सांध्यासांध्यातून निघून जातं. दरजा भरल्या की ते मागे कोंडतं. एक घनमीटर पाणी म्हणजे १००० किलो. भिजून गच्च झालेली माती त्याच्या जवळजवळ दुप्पट. अशा भिंतीला तळाशी पाणी निघायची भोकं असलीच पाहिजेत, आणि ती बुजलीत का ते काडी घालून बघायचं. नुसतं बघून कळत नाही, बाहेरून सगळी भोकं छान दिसतात.

उंचीही मोजून घ्या. भिंतीची उंची दुप्पट झाली की मातीचा रेटा चौपट होतो. त्यामुळे एकच उंच भिंत घालण्यापेक्षा पाच बुटके टप्पे घालणारा माणूस शहाणा म्हणायचा. त्या गृहस्थांबद्दल माझं मत एवढ्यावरच चांगलं झालंय.

आणि घरात शिरल्यावर मागच्या भिंतीला आतून हात लावा. इतर भिंतींचे पोपडे निघालेत आणि मागची तेवढी नव्याने रंगवलीय, असं असेल तर तिथे जरा जास्त वेळ थांबा.

दोनखोल्यापुरे:

परत जाऊन आले. मागची भिंत इतरांइतकीच कळकट आहे, त्याचं एवढं बरं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

चार गडगे कोरडे, माझ्या कमरेच्या आसपास. वरून दुसऱ्याला पोट आलंय, साधारण दोन हात लांबीत, आणि बरोबर त्याच्या मागे एक मोठं झाड. सगळ्यात खालचा, घराजवळचा, सिमेंट लावलेला. भोकं आहेत. काडी चारांत गेली, बाकीच्यांत नाही. गृहस्थ सोबतच होते. काडी बघून हसले आणि म्हणाले, "आमची ही सळई घालायची, दर वर्षी."

मोठं झाड काढून टाकलं तर पोट थांबेल का? भाऊ म्हणतो काढाच, उजेडही येईल.

मातीतलेहात:

भाऊ फार कामाचे दिसतात.

झाड काढू नका. निदान कुणा जाणत्याला दाखवल्याशिवाय नाहीच. उतारावरचं मोठं झाड तोडलं की पहिली काही वर्षं काहीच होत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. मुळं जमिनीत कुजत असतात. ती कुजून पकड सुटली, आणि तोवर नव्या झाडांनी धरलेलं नसलं, की मग एखाद्या जोराच्या पावसात उतार खाली येतो. पोट आलेला दोन हातांचा भाग उतरवून, मुळाला जागा सोडून पुन्हा रचता येतो. ओळंबा काका त्यावर जास्त सांगतील.

झाडांकडे बघायची माझी रीत अशी. खोड बुंध्याशी वाकून मग सरळ वर गेलंय का? एखादंच झाड तसं असेल तर ते उजेडासाठी वळलेलं असू शकतं. पण ओळीतली सगळीच झाडं बुंध्याशी खालच्या अंगाला झुकून वर सरळ झाली असतील, तर जमीन हळूहळू सरकते आहे आणि झाडं दर वर्षी स्वतःला सावरताहेत. हे दिसलं तर भावाची घासाघीस सोडून द्या आणि आधी माती तपासणारा अभियंता बोलवा.

दुसरं, गाडी लावायला जागा हवी म्हणून कुठलाही टप्पा कापायचा विचार असेल तर आत्ताच सोडा. झाडाची बहुतेक मुळं वरच्या साठेक सेंटिमीटरमध्येच पसरलेली असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बरीच बाहेर जातात. बुंध्यापासून लांब खणलं म्हणजे झाड वाचलं, असं नसतं.

बांबूचं मात्र विचारा, कुठल्या जातीचा आणि कधी लावला. काही जाती कित्येक दशकांनी एकदाच फुलतात आणि मग अख्खं बेट मरतं. वरच्या टप्प्याची माती त्या बेटाने धरली असेल तर शेजारी आत्तापासून दुसरं काहीतरी रुजवायला हवं. मी वाळा लावते. दिसायला गवतच, पाहुणे तण समजून उपटायला जातात, पण चांगल्या मातीत मुळं सरळ तीन-चार मीटर खाली उतरतात आणि वर दाट कुंपण होऊन वाहून येणारा गाळ अडतो. उताराला आडवी, एका पातळीत ओळ धरायची. उभी लावली तर पाण्याला पन्हळ करून दिल्यासारखं होतं.

विकूनमोकळी:

मी पलीकडच्या बाजूची. असंच उतारावरचं घर विकलंय, म्हणून विकणाऱ्याच्या मनातलं सांगते. बघायला आलेले सगळे फुलं बघायचे. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे एकाच बाईने विचारलं, आणि घर मी तिलाच दिलं. तिच्यापेक्षा जास्त देणारा होता तरी.

तुम्ही गृहस्थांना नळ्या, झडपा, चर, सगळं चालत-चालत दाखवायला सांगा आणि फोनवर चित्रण करून घ्या. उतारावरच्या बागेत निम्मी माहिती एका माणसाच्या डोक्यात असते. इथे तर ती दोघांच्या डोक्यात होती आणि त्यातलं एक आता नाही, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. चुकत असेन तर सोडून द्या.

छपराचं पाणी विचाराच. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. छप्पर ८० चौरस मीटरचं धरलं आणि ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ४००० लिटर झाले. ते पाणी त्या पाल्याने भरलेल्या चरात जात असेल तर चर कुठे रिकामा होतो? शौचालयाचा शोषखड्डा कुठल्या टप्प्यावर आहे? तो गडग्याच्या मागे वरच्या अंगाला असेल तर तो गडगा कायम ओला.

आणि पायऱ्या. नवरा आज कट्ट्यावर चढला, वीस वर्षांनी चढेल का? १७व्या शतकात फ्रान्समध्ये ब्लोंदेल नावाच्या वास्तुतज्ज्ञाने पायरीचा हिशेब घातला, तो अजून चालतो: उंचीची दुप्पट अधिक पाय ठेवायची रुंदी, साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर. बागेत उंची १५ सेंटिमीटरपेक्षा कमीच बरी. आणि सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात. वेगळी असलेली एकच पायरी माणसाला पाडते.

काय राहणार, काय जाणार, तेही करारात लिहा. कुंड्या, कट्ट्यावरचे दगड, पाण्याची टाकी. मी स्वतः एक वेल खणून घेऊन गेले होते, पण आधी लिहून दिलं होतं.

दोनखोल्यापुरे:

विकूनमोकळी, तुमचा अंदाज बरोबर आहे. बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. चरातला पालाही तेव्हापासूनचाच असणार, हे तुम्ही लिहिल्यावर लक्षात आलं.

खोडं बघितली. सरळ आहेत. बांबूचं नाव गृहस्थांना आठवत नाही, "तिला माहीत होतं" म्हणाले. वेगळी पायरी आहे, वरून तिसरी. ते स्वतः तिच्यावर न बघता बरोबर पाय उचलतात.

भाव बाग धरूनच करायचा ठरवलंय. गडग्याची दुरुस्ती आणि खालच्या भिंतीची भोकं मोकळी करायचा खर्च त्यातून वजा. कागद करण्याआधी एकदा भर पावसात येऊन बघते म्हटलं, तर लगेच हो म्हणाले. तोवर चर साफ करून ठेवतो म्हणतात.

ओळंबा:

साफ करू देऊ नका. आहे तसाच बघायचा आहे म्हणावं. पाणी कुठे तुंबतं, कुठल्या भोकातून गढूळ येतं आणि कुठल्यातून स्वच्छ, हे भरलेल्या चरातच कळेल. गढूळ येत असेल तर मागची माती वाहून चाललीय, त्या भोकापाशी खडूने खूण करा. पाऊस थांबल्यावर तासाभराने पुन्हा एक फेरी मारा. मागचं पाणी तेव्हा उतरायला लागतं. पोट आलेला गडगा पुन्हा रचायचा तर कोरड्या मोसमात, आणि काढलेले दगड तिथेच ठेवून घ्या. गवंडी नवे आणू म्हणेल.