मुलीला लीडरशिप शिकवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

सुदामानगरची आई
नमस्कार सगळ्यांना. माझी मुलगी आठवीत आहे, घरी दिवसभर बडबड चालू असते पण शाळेत चार लोकांसमोर उभी राहिली की आवाजच निघत नाही. मागच्या महिन्यात शाळेतून चिठ्ठी आली, शनिवार-रविवार लीडरशिपचं शिबिर, फी ३५०० रुपये, आम्ही भरली. सर्टिफिकेट घेऊन आली, काय काय केलं विचारलं तर म्हणाली एक सर माइकवर बोलत होते आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. पैशांचं सोडा, पण तिच्या डोक्यात आता बसलंय की लीडर म्हणजे माइकवर बोलणारा आणि ते आपल्याला जमणार नाही. मॉनिटरही दरवर्षी तीच दोन-तीन मुलं, मॅडमच ठरवतात. इंदूरात स्काउट-गाइड, एनसीसी, कॉलनीतलं काही, कोणी मुलांना घातलं असेल तर अनुभव सांगा ना प्लीज.

जुना स्काउटर
ताई, मी २२ वर्षं एका शाळेत स्काउट मास्तर होतो म्हणून जरा लांब लिहितो. स्काउट-गाइडमध्ये सगळा खेळ टोलीचा असतो, सहा ते आठ मुलं, त्यांचा एक टोलीनायक, आणि बाकी प्रत्येकाकडेही काहीतरी काम, एकाकडे सामान, एकाकडे स्वयंपाक, एकाकडे प्रथमोपचाराची पेटी. बेडन पॉवेलनी १९०७ साली इंग्लंडात एका बेटावर २० च्या आसपास मुलं नेली तेव्हाच त्यांच्या चार टोल्या पाडल्या होत्या, आजही तसंच चालतं. टोलीनायक एकत्र बसून पथकाचं ठरवतात त्याला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात, मास्तर तिथे असतो पण बोलायचं मुलांनी.
एका कँपला पाऊस आला, लाकडं ओली, एका टोलीची खिचडी कच्चीच राहिली आणि रात्रीचे नऊ वाजले. माझा हात शिवशिवत होता हो, पण मी उठलो नाही. त्यांच्यात एक अगदी गप्प मुलगा होता, वर्गात त्याचं नाव कोणाला माहीत नसेल, त्यानं दुपारीच थोडी सुकी लाकडं ताडपत्रीखाली सरकवून ठेवली होती, न सांगता. ती काढली, चूल पेटली. पुढच्या वेळी मुलांनी स्वतःहून त्याला टोलीनायक केलं. तो भाषण आजही देत नसेल. तुमच्या मुलीच्या शाळेत गाइडचं पथक आहे का पहिले ते विचारा, नुसतं २६ जानेवारीला स्कार्फ बांधून उभं करतात तसं नको, वर्षात एक तरी मुक्कामी कँप होतो का ते विचारा.

एनएसएसवाली
काका खूप छान लिहिलंत. ताई, एनसीसी आठवीपासून घेता येते, जुनियर विंग, २ वर्षं केली की ए सर्टिफिकेटची परीक्षा, पण बहुतेक ठिकाणी शाळेत युनिट असेल तरच होतं. त्यात आळीपाळीनं प्रत्येकीला पुढे येऊन कमांड द्यावी लागते, माझा आवाज त्यातच मोकळा झाला कारण "सावधान" म्हणताना काय बोलू हा प्रश्नच नसतो, शब्द ठरलेले असतात, फक्त पोटातून ओरडायचं. एनएसएस नंतर कॉलेजात करेल ती, वर्षाचे १२० तास काम आणि ७ दिवसांचा गावातला कँप. आमच्या कँपमध्ये शोषखड्डा खणायचा होता, गावातल्या आजीबाईंनी आधी आम्हाला हाकललंच, मग त्यांना रोज जाऊन भेटायचं काम माझ्याकडे आलं. ऐकून घेणं हेच तिथे कामाला आलं.

राजेंद्रनगरकर
गणपती विसरलात सगळे! आमच्या कॉलनीत दहातला एक दिवस पूर्ण मुलांचा असतो, ४००० रुपये आणि एक वही हातात देतो, स्पर्धा, साउंड, प्रसाद, हिशेब सगळं त्यांचं. पहिल्या वर्षी साउंडवाला आलाच नाही, मुलांनी आदल्या दिवशी फोन करून पक्कं केलं नव्हतं, मग नववीतली एक मुलगी घरोघर फिरून स्पीकर घेऊन आली. हिशेबात ४० रुपये कमी आले तर आम्ही भरून दिले नाहीत, रात्री साडेदहापर्यंत बसून त्यांनीच शोधलं, बर्फाचे लिहायचे राहिले होते. अनंत चतुर्दशीला इंदूरच्या कापड मिलच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, बघत आम्ही मोठे झालो, मिल बंद पडून इतकी वर्षं झाली तरी झांक्या निघतात, ते कोणीतरी पुढच्या पोरांच्या हातात दिलं म्हणूनच ना.

एनएसएसवाली
काका एक विचारू, राग मानू नका. त्या वहीवर मुली असतात का? आमच्या मंडळात मुलींना रांगोळी आणि प्रसाद, आणि हिशेब, साउंड, परवानगी सगळं मुलांकडे, लहानपणापासून तेच बघितलंय मी.

राजेंद्रनगरकर
राग कसला बेटा, खरं आहे. स्पीकर आणणारी मुलगी रांगोळीवालीच होती आणि पुढच्या वर्षी पण तिला आम्ही रांगोळीच दिली. हे चुकलं आमचं. यंदा वही मुलींकडे जाईल, मीटिंगमध्ये मी स्वतः मांडतो.

सुदामानगरची आई
तुमचं सगळं काल मुलीला वाचून दाखवलं. लाकडं लपवणारा मुलगा तिला फार आवडला, दोनदा वाचायला लावलं. म्हणाली आई मला लिस्ट करायला, सामान मोजायला आवडेल, बोलायचं दुसऱ्या कोणाला द्या. शाळेत गाइडचं सोमवारी विचारते. काका, दुसऱ्या कॉलनीची मुलगी चालेल का तुमच्याकडे?

राजेंद्रनगरकर
चालेल ना. मुलांची पहिली मीटिंग आषाढातच होते, रविवारी सकाळी, पोहे-जलेबी आमच्याकडून. तिला म्हणावं पेन घेऊन ये, वही मी आणतो.