आमची भांडणं, मुलगी आणि धाकटा: नक्की काळजी कोणाची करू?

हिरवाचाफा
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच लिहितेय. माझं आणि नवऱ्याचं हल्ली खूप वाजतं. कारणं नेहमीचीच, घराचे हप्ते, सासूबाईंचं आजारपण, रजा कोणी टाकायची. मारहाण वगैरे अजिबात नाही पण आवाज चढतात आणि मग तीन-चार दिवस अबोला. मुलगी सातवीत, मुलगा पहिलीत. आवाज चढला रे चढला की मुलगी जेवत असली तरी ताटावरून उठते, भावाला उचलते, आत नेऊन दार लावते आणि मोबाईलवर कार्टून मोठ्या आवाजात लावते. सगळे नातेवाईक म्हणतात किती समजूतदार पोर आहे. पण तिचं पोट दुखतं सारखं, शाळेच्या दिवशी सकाळी तर हमखास, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. आणि परवा अबोला चालू असताना तिने माझ्या फोनवरून नवऱ्याला मेसेज केला, "येताना कोथिंबीर आणाल का" आणि पुढे हसरा चेहरा!! तो आला कोथिंबीर घेऊन, तेव्हा मला कळलं. धाकट्याचं उलटंच, वर्गात मारामाऱ्या करतो आणि घरी तिलाच चावतो. शाळेतून फोन येतात ते त्याच्याबद्दल, तिच्याबद्दल कधीच नाही. वन बीएचकेमध्ये मुलांसमोर भांडू नका म्हणजे भांडायचं तरी कुठे जाऊन?

खडीसाखर
अहो एवढं काय त्यात. आम्ही पाच भावंडं, वडील तर ताट भिरकवायचे, सगळे मार्गाला लागलो. हल्ली जरा पोट दुखलं की मानसिक आरोग्य. गोड मानून घ्या, राग नको.

रानपाखरू
खडीसाखर, मार्गाला आम्हीपण लागलो हो. मी त्या मुलीच्या जागी होते. ऑफिसात कोणी मोठ्याने बोललं की आजही मी आधी सगळ्यांचे चेहरे बघते, कोणाला शांत करायचंय ते. आणि गंमत म्हणजे माझा भाऊ म्हणतो आपलं बालपण मस्त गेलं की, आईबाबा कुठे एवढे भांडायचे! त्याला आठवतच नाही कारण तो माझ्याबरोबर आत पत्ते खेळत असायचा. आम्ही दोघं आजही खूप जवळ आहोत, ते खरंय, पण एखाद्या दिवशी त्याचा हा निवांतपणा बघून मला उगाचच त्याचा राग येतो. त्याला मी होते, मला कोण होतं?

काठावरचा
शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करतो म्हणून जरा लांबण लावतो. भांडण होतं यापेक्षा ते मिटतं का आणि मिटलेलं मुलांना दिसतं का हे जास्त महत्त्वाचं असतं. मार्क कमिंग्ज आणि पॅट्रिक डेव्हिस या मानसशास्त्रज्ञांनी 1994 मध्ये भावनिक सुरक्षिततेची मांडणी केली ती यावरच, मुलाच्या डोक्यात एकच चालू असतं, आपलं घर टिकणार ना? त्यामुळे अबोला म्हणजे शांतता असं मुलं धरत नाहीत, त्यांच्यासाठी भांडण चालूच असतं. तुमची कोथिंबीर त्यातूनच आली.
भावंडांचं म्हणाल तर जेनिफर जेनकिन्स आणि मार्जोरी स्मिथ यांचा 1990 चा अभ्यास आहे, सतत कटकटी असलेल्या घरांतली मुलं कशाने सावरतात यावर. त्यात भावंडाशी चांगलं नातं होतं, घराबाहेरच्या एखाद्या मोठ्या माणसाशी जवळीक होती, आणि जिथे कौतुक होतं असा एखादा छंद. म्हणजे तुमच्या मुलांचं नातं ही जमेची बाजू आहे, ते तोडू नका. फक्त ती ताई राहू दे, त्याची आई नको. आत खेळायला जाणं वेगळं आणि ड्युटीवर जाणं वेगळं. चावतो त्याचं, तो तुमच्यावर राग काढू शकत नाही, ती हाताशी आहे आणि ती उलटून मारत नाही. म्हणून शाळेला तो दिसतो, ती दिसत नाही. मला विचाराल तर आधी तिच्याकडे बघा. पोटदुखी खोटी नाही, ताणाने खरंच दुखतं, नाटक म्हणू नका.

हिरवाचाफा
वाचून रडूच आलं. नवरा समुपदेशकाकडे यायला तयार नाही, म्हणतो घरातलं बाहेर कशाला. मग?

काठावरचा
मग तुम्ही एकट्या जा, किंवा आधी 14416 ला फोन लावा, सरकारची टेलिमानस म्हणून मानसिक आरोग्याची फोन सेवा आहे, मोफत, मराठीत बोलता येतं. आणि नवऱ्याला समुपदेशनाचं सांगत बसण्यापेक्षा एवढंच सांगा की मिटल्यावर दोघांनी मुलांसमोर बसून म्हणायचं, आमचं हप्त्यावरून वाजलं, तुमच्यामुळे नाही, आता ठरलंय काय करायचं ते. निरोप्या म्हणून मुलीला वापरायचं नाही, कोथिंबीरसुद्धा तुम्हीच सांगायची.

खडीसाखर
बरं, माझी थोरली बहीण याच वयात सारखी चक्कर येऊन पडायची, आता आठवलं. तेव्हा आम्ही अंगात येतं म्हणायचो. तिला आज फोन करतो. हिरवाचाफा, मुलीला आठवड्यातून एकदा एकटीला बाहेर न्या, धाकट्याला न घेता.

रानपाखरू
+१, आणि नेलंत तर घरचा विषय काढू नका, तिला पाणीपुरी खाऊ द्या.