पाऊस नसताना गटारातून खाडीचं पाणी वर येतंय, झडप बसवावी का? (मदत हवी आहे)

जोत्याखाली:

मंडळी, माहीमच्या खाडीलगत एका बैठ्या चाळीत आम्ही राहतो. हिंदमाता, मिलन सबवे या मुंबईतल्या पाणी तुंबणाऱ्या जागांवर इथे भरपूर दळण दळून झालंय, पण आमचा प्रश्न पावसाच्या पाण्याचा नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास कडकडीत ऊन असलं तरी दुपारी बारा-साडेबाराच्या पुढे अंगणातल्या गटाराच्या जाळीतून बुडबुडे यायला लागतात. मग काळं पाणी डुचमळत वर येतं आणि बघता बघता घोटा बुडतो. कधी त्यात एखादी निवटीही (खाडीच्या चिखलातला छोटा मासा) असते, पोरं तिच्यामागे धावतात. ओहोटी लागली की पाणी आपोआप जातं. मागे उरतो बुळबुळीत गाळ आणि फरशीच्या सांध्यांत मीठ. लोखंडी दारांचे खालचे पत्रे नुसत्या हाताने तुटतात. पावसाळ्यात उधाण आणि जोराची सर एकत्र आली की मात्र पाणी जोतं ओलांडतं.

तक्रार केल्यावर गल्ली उंच करून पेव्हर ब्लॉक बसवून मिळाले. आता अंगण गल्लीपेक्षा खाली गेलं. लोकांनी उंबऱ्यांवर विटांचे बांध घातलेत. अरे, पाणी भिंतीवरून येतंय कुठे? ते जमिनीखालून येतंय! बांधामुळे उलट आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही.

प्लंबर म्हणतो, शेवटच्या चेंबरमध्ये एकाच बाजूला उघडणारी झडप बसवू, खाडीचं पाणी अडेल. पटतं. पण झडप मिटलेली असताना वरून पाऊस कोसळला तर आमचं पाणी जाणार कुठे? शिवाय अशी झडप स्वतःच्या खर्चाने बसवता येते का, की परवानगी लागते? छपरं आणि अंगण मिळून जागा साधारण ६०० चौरस मीटर आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

पाटबंधारे:

तुमची शंका अगदी बरोबर आहे. झडप समुद्राला बाहेर ठेवते आणि पावसाला आत कोंडते. दोन्हींचा हिशेब झाल्याशिवाय प्लंबरला पैसे देऊ नका.

हिशेब सोपा आहे. तासाला ५० मिमी पाऊस धरा. ६०० चौरस मीटरवर तासाला ३० घनमीटर, म्हणजे ३०,००० लिटर. मोठ्या उधाणाला झडप तीन तास मिटलेली राहिली आणि पाऊस थांबलाच नाही तर ९० हजार लिटर. दहा हजारी टँकर नऊ! म्हणजे झडपेसोबत पंप हवाच, आणि पंपाला खेचायला जरा खोल खड्डा. उंची फार नसल्याने दोन-तीन एचपीचा चिखलपाणी ओढणारा पंप पुरावा. त्याचा पाइप झडपेच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला सोडायचा. अलीकडे सोडलात तर तेच पाणी गोल गोल फिरत बसेल. (हसू नका, असं केलेलं मी पाहिलंय.) अंगणाभोवती बुटकी भिंतही लागेल, नाहीतर अख्ख्या गल्लीचं पाणी तुमचा पंप उपसत बसेल.

मोठ्या प्रमाणावर शहरातही हेच चाललंय. इंग्रजांच्या काळातल्या पर्जन्यजल वाहिन्या तासाला जेमतेम २५ मिमी पाऊस वाहून नेतील अशा बांधलेल्या, आणि तेही ओहोटी असताना. १९९३चा ब्रिमस्टोवॅड अहवाल (मुंबईच्या पर्जन्यजल वाहिन्या सुधारण्याचा आराखडा) क्षमता ५० मिमी करा म्हणत होता. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडल्यावर त्याला खरी गती आली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध ही उदंचन केंद्रं (पाणी उपसणारी पंपघरं) त्यातलीच. भरतीला दरवाजे बंद करायचे आणि पाणी पंपाने पलीकडे फेकायचं. हिंदमातासाठी प्रमोद महाजन उद्यानाखाली टाक्या केल्या त्यामागेही हाच विचार: ओहोटीपर्यंत पाणी कुठेतरी थोपवून धरायचं.

आता पातळीचं. भरतीच्या तक्त्यातले ४.८ मीटरसारखे आकडे चार्ट डेटमवरून, म्हणजे साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीला शून्य धरून, मोजलेले असतात. मुंबईत सरासरी समुद्रपातळी त्या शून्याच्या साधारण अडीच मीटर वर येते. पालिकेच्या नकाशांवरच्या पातळ्या मात्र टाउन हॉल डेटममध्ये, म्हणजे शहराच्या वेगळ्याच शून्यावरून मोजलेल्या असतात. हे आकडे शेजारी शेजारी मांडून वजाबाकी केलीत तर फसाल. त्यापेक्षा कोरड्या दिवसांत लक्ष ठेवा. ज्या दिवशी पाणी जाळीच्या तोंडाशी येऊन थांबतं, बाहेर पडत नाही, त्या दिवसाचा तक्त्यातला आकडा लिहून ठेवा. तीच तुमची धोक्याची खूण. त्यावरून वर्षात किती वेळा झडप मिटेल ते तक्त्यातूनच मोजता येईल.

सुकट_बोंबील:

तक्ता हाताशी नसला तर आमच्याकडचा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट. द्वितीया असेल तर दीड वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. घड्याळ लावून पाहा, थोडंफारच चुकतं. अष्टमी-नवमीला भांग (लहान भरती) असतो, तेव्हा पाणी फार चढत नाही. खोदकाम, झडप, जे काय करायचं ते त्या दिवसांत करा.

आणि दादा, आधी ओहोटीला खाली उतरून गटाराचं खाडीतलं तोंड बघितलंत का? आमच्या कोळीवाड्यात सगळे झडप झडप करत होते. जाऊन पाहिलं तर पाइपचं अर्धं तोंड गाळाने आणि थर्माकोलने बुजलेलं. भरतीचं पाणी जोराने आत घुसायचं आणि ओहोटीला रेंगाळत बाहेर पडायचं. तोंड साफ झाल्यावर पाणी येणं थांबलं नाही, पण तासभर आधी उतरायला लागलं.

फक्त जेसीबी बोलावून तिवरांत (खारफुटीत) घुसू नका. उच्च न्यायालयाचा तिवरतोडीला मज्जाव आहे, भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकाम चालत नाही. वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या परवानगीशिवाय तिथे फावडंही मारू नका. आणि तिवरं तशीही आपलीच, लाटेचा मार तीच खातात.

जोत्याखाली:

ताई, तोंड पाहिलं नव्हतं, रविवारी ओहोटीला दोघं-तिघं जाऊन बघतो. पाटबंधारे काका, नऊ टँकर वाचून चाळीची सभा पाच मिनिटं गप्प होती. पंपाला वर्गणी निघेल, पण मीटरच्या पेट्या गुडघ्याच्या उंचीवर आहेत. उधाणाच्या दिवशी आम्ही मेन स्विचच पाडतो. मग पंप चालणार कशावर?

शिवाय जमिनीखालच्या पिण्याच्या टाकीत खारं पाणी झिरपतंय. चहा फाटतो.

पाटबंधारे:

मग क्रम बदला. आधी टाकी. तिचं झाकण अंगणापासून दोन फूट वर घ्या आणि भिंतींना आतून जलरोधक प्लास्टर करा. जमत नसेल तर टाकी बंद करून जमिनीवर प्लास्टिकची ठेवा. आजार तिथूनच येतो. त्यानंतर मीटरच्या पेट्या वर, हे काम वीज कंपनीकडे रीतसर अर्ज करूनच. झडप-पंप तिसऱ्या नंबरवर.

परवानगीचं म्हणाल तर चाळीच्या आवारातलं चेंबर तुमचं, तिथे झडप बसवता येते. त्यापुढची वाहिनी पालिकेची, तिला हात लावू नका. लेखी अर्ज पर्जन्य जलवाहिन्या विभागाच्या नावाने द्या आणि "पाणी तुंबतं" असं मोघम लिहू नका. "पाऊस नसताना, अमुक तारखेला, अमुक उंचीच्या भरतीला पातमुखातून (गटाराच्या खाडीतल्या तोंडातून) पाणी उलटं येतं" असं लिहा, सोबत फोटो. "पाणी तुंबतं" म्हटलं की नालेसफाईवाले येतात आणि गाळ काढून जातात.

फुकटचा_सल्ला:

एक राहिलं. शौचालयाची लाइन याच गटाराला जोडलेली नाही ना? शौचालयात रंग ओतून जाळीत दिसतो का बघा. दिसला तर झडप बसवल्यावर भरतीला मैला अंगणात साचेल. आधी त्या दोन लाइन वेगळ्या करून घ्या.

झडप घेताना लोखंडी बिजागरीची नको, खाऱ्या पाण्यात अडकून बसते. जाड रबराची चोचीसारखी मिळते ती बघा. तिच्याही तोंडात गुटख्याचं पाकीट अडकलं की ती उघडीच राहते, म्हणून आधी जाळी लावा. आणि उधाणाच्या आदल्या दिवशी जाळी कोण साफ करणार, ते नाव सभेतच ठरवून घ्या.